दर शनिवारचे चायनीज आणि रक्तदाबाची गोळी: हॉटेलात नेमके काय मागवावे?

प्रश्न: ठाणेकरीण

नमस्कार. आमच्या घरात गेली अकरा वर्षे शनिवारी संध्याकाळी गॅस पेटत नाही. त्या दिवशी आम्ही पाचही जण घराजवळच्या एका चायनीज हॉटेलात जातो, आणि मागवायचे पदार्थ इतके ठरलेले आहेत की आता वेटर वहीसुद्धा काढत नाही. सगळ्यांना वन बाय टू मंचाव सूप, मुलांसाठी व्हेज क्रिस्पी आणि चिकन लॉलीपॉप, मग एक ट्रिपल शेजवान राइस, एक हक्का नूडल्स, सोबत मंचुरियन ग्रेव्ही, आणि उरेल ते रविवारच्या न्याहारीसाठी पार्सल. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर पडणे जवळजवळ संपलेच आहे, पण शनिवारी ते चार वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलेले असतात.

गेल्या महिन्यात यजमानांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि गोळी सुरू झाली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीतही ६.१ असा आकडा आला, म्हणजे मधुमेह नाही, पण ते त्याच्या उंबरठ्यावर आहेत. डॉक्टरांनी घाईघाईत "बाहेरचे चायनीज बंद करा" एवढेच सांगितले. ते चुकीचे आहे असे मला म्हणायचे नाही, पण शनिवार मोडला तर केवळ एक जेवण मोडणार नाही, हे घरात राहणाऱ्या माणसालाच कळते.

शोधाशोध केली, तर सगळीकडे "वाफवलेले खा, सॅलड खा" असा सल्ला मिळतो. आमच्या हॉटेलात वाफवलेले म्हणजे मोमो, आणि सॅलड म्हणजे कांद्याच्या चार चकत्या. त्यामुळे माझा प्रश्न असा आहे की त्याच मेन्यूकार्डातून काय मागवावे, काय सोडावे, आणि निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेल अशा कोणत्या शब्दांत वेटरला सांगावे? "अजिनोमोटो घालू नका" हे आम्ही न चुकता सांगतो. तेवढे पुरेसे आहे का?


उत्तर: कढईमागचा

ताई, मी डोंबिवलीत चौदा वर्षे चायनीजचे हॉटेल चालवले आणि त्यातली पहिली सहा वर्षे स्वतः कढईवर उभा होतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. "अजिनोमोटो नको" असे सांगणारी गिऱ्हाइके आमच्याकडे रोज येत. तो घातला नाही की पदार्थ फिका लागेल या भीतीने कुकचा हात आपोआप मिठाकडे आणि सोया सॉसच्या बाटलीकडे वळे. म्हणजे ज्यांनी रक्तदाबाच्या धास्तीने ती सूचना दिली, त्यांच्याच ताटात मीठ जास्त पडे. हे मी कबुलीजबाब म्हणून लिहितो आहे, कारण तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

आता स्वयंपाकघर कसे चालते ते सांगतो, म्हणजे काय बदलता येते आणि काय येत नाही याचा उलगडा होईल. सकाळी अकराच्या आत दिवसभराचा भात शिजवून परातींत पसरून ठेवलेला असतो. नूडल्स उकडून, निथळून, चिकटू नयेत म्हणून तेल चोळून ठेवलेल्या असतात. मंचुरियनचे गोळे, लॉलीपॉप, पनीरचे तुकडे आणि क्रिस्पीच्या भाज्या एकदा तळून बाजूला काढलेल्या असतात, आणि ऑर्डर आली की त्यांना पुन्हा एकदा तळणीत बुडवतात. अशा दोनदा तळलेल्या पदार्थाला "तेल कमी टाका" असे सांगण्यात काहीच अर्थ नाही, कारण तेल तुम्ही हॉटेलात पाऊल ठेवायच्या आधीच त्यात गेलेले असते. याउलट सूप, परतलेल्या भाज्या, पातळ रस्सा आणि फ्राइड राइस हे पदार्थ तुमची चिठ्ठी आत गेल्यावरच कढईत एकत्र येतात, आणि त्यांत तेल, मीठ, सॉस, कॉर्नफ्लोअर या चारही गोष्टी कुकच्या पळीवर अवलंबून असतात. एवढा एक फरक डोक्यात ठेवला, तर कोणत्याही हॉटेलचे मेन्यूकार्ड निम्मे वाचल्यासारखेच आहे.

वेटरला सांगताना "हेल्दी करा" किंवा "लाइट करा" असे मोघम बोलू नये. त्याचा अर्थ आमच्याकडे "तिखट कमी" असा घेतला जाई. मोजता येईल असे सांगावे: "सोया सॉस निम्मा आणि वरून मीठ नको", "कॉर्नफ्लोअर कमी घालून रस्सा पातळ ठेवा", "सूपवर तळलेल्या नूडल्स टाकू नका", "चिकन पिठात घोळून तळू नका, पातळ काप करून तसेच परता", "पनीर न तळता टाका". ही प्रत्येक गोष्ट आमच्या कुकला करता येत असे आणि तो ती करतही असे, मात्र संध्याकाळी साडेसातला. शनिवारी रात्री साडेनऊला एका भट्टीवर बारा चिठ्ठ्या लटकत असताना त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात काय खरडले आहे हे वाचायला त्याला सवड नसते. तेव्हा लवकर जा. सासऱ्यांनाही ते सोयीचे पडेल.

पदार्थांचे म्हणाल, तर चिली चिकन, चिली पनीर, मंचुरियन, क्रिस्पी आणि लॉलीपॉप या सगळ्यांच्या मुळाशी तळण आहे. नाव बदलते, कढई तीच. मंचुरियनचा जन्म मुंबईतलाच असल्याचे सांगतात. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपली फोडणी घेतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर वापरले. पदार्थ गाजला यात नवल नाही. पण चीनमध्ये तो शोधत जाल तर सापडणार नाही, आणि तुमच्या आमच्या रक्तदाबाचा हिशेबही नेमका त्या सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरपाशीच येऊन थांबतो.

त्याऐवजी जे मेन्यूकार्डावर असूनही कोणी मागवत नाही ते मागवा. क्लिअर सूप किंवा लेमन कोरिएंडर सूप घ्या. लसणात परतलेल्या भाज्या, ब्रोकोली, मशरूम, बेबीकॉर्न जे असेल ते घ्या. ढोबळी मिरची आणि कांदा घालून परतलेले चिकनचे काप किंवा टोफू घ्या. आणि साधा स्टीम राइस घ्या. आमच्याकडे स्टीम राइस मागवणारे गिऱ्हाईक दिसले की कुक बाहेर डोकावून पाहत असे, इतके ते दुर्मिळ होते.

तळणीबद्दल एक सांगून थांबतो. तळून तळून तेलात जे घटक साठतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. ते मोजण्याचे यंत्र लहान हॉटेलांत क्वचितच असते. तळलेला पदार्थ खाल्ल्यावर जिभेवर कडवट, चिकट थर राहिला, तर मोजणी झाली असे समजावे आणि पुढच्या वेळी तिथे तळलेले मागवू नये.


उत्तर: पार्लेकर

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु अजिनोमोटोकडे असा काणाडोळा करणे मला धोक्याचे वाटते. ते रसायन आहे, त्याने डोके दुखते, छातीत धडधडते, आणि या त्रासाला जगभर "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम" असे नावच पडलेले आहे. माझ्या पत्नीला दोनदा असा त्रास झाला. मीठ तर आपण घरीही खातोच. तेव्हा आधी अजिनोमोटो बंद करा, बाकीचे मागाहून पाहता येईल.


उत्तर: आहारशास्त्र_नाशिक

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे वरच्या दोन्ही प्रतिसादांना धरून लिहिते.

पार्लेकर, आपल्या पत्नींना त्रास झाला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न फक्त इतकाच आहे की तो कशामुळे झाला. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव वेगळी काढली. तेच ग्लुटामेट टोमॅटोत, मशरूममध्ये, मुरवलेल्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही निसर्गतः असते. आपण म्हणता ते नाव १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रावरून रूढ झाले, आणि त्या पत्रात लेखकाने सोया सॉस, स्वयंपाकातली दारू आणि जास्त मीठ अशा इतर शक्यताही मांडल्या होत्या. पुढे, खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कोणत्या ताटात काय आहे हे माहीत नसेल अशा पद्धतीने चाचण्या झाल्या, तेव्हा ठरलेला असा त्रास सातत्याने दिसून आला नाही. रिकाम्या पोटी, मोठ्या मात्रेत, अन्नाशिवाय घेतल्यास काहींना थोडा वेळ डोकेदुखी किंवा चेहऱ्यावर गरमपणा जाणवू शकतो. ज्यांना जाणवतो त्यांनी ते टाळावे, त्यात वाद नाही. आपल्याकडे त्याच्या पाकिटावर बारा महिन्यांखालील बाळांना देऊ नये अशी सूचना असते, तीही पाळावी.

पण रक्तदाबाच्या रुग्णासाठी खरा हिशेब सोडियमचा आहे. मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. हे साधारण चहाचा एक सपाट चमचा मीठ झाले, आणि त्यात सकाळचे पोहे, दुपारची आमटी, लोणचे आणि पापड सगळे मोजायचे असते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे दोन चमचे सॉस पोटात गेले की दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा एका जेवणात संपला, आणि मीठ अजून मोजलेलेच नाही. "अजिनोमोटो नको" म्हटल्यावर कुकचा हात कुठे वळतो हे कढईमागचा यांनी लिहिलेच आहे. त्या एका वाक्यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत, कारण दवाखान्यात बसून मला ते कधीच कळले नसते.

तेव्हा टेबलावर मांडून ठेवलेल्या सोया सॉसच्या आणि चिली सॉसच्या बाटल्यांना हात लावू नये. त्यांच्या शेजारी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्या असतात, त्या खुशाल घ्याव्यात. मीठ कमी पडल्याची उणीव आंबटपणाने बरीच भरून निघते आणि व्हिनेगरमध्ये सोडियम नावापुरतेच असते. शेजवान चटणी मात्र मिठाच्या आणि तेलाच्या बाबतीत लोणच्याचीच बहीण आहे. आणखी एक सूचना: घरी "लो सोडियम" मीठ आणावे असे कोणी सुचवले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

आता ६.१ या आकड्याकडे वळू. ट्रिपल शेजवान राइस हा पदार्थ ज्याने शोधला त्याच्या कल्पकतेचे मला नेहमी कौतुक वाटते, कारण त्यात भात आहे, नूडल्स आहेत, वर तळलेल्या नूडल्स आहेत, आणि शेजारच्या ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअर आहे. एकाच ताटात चार प्रकारचा स्टार्च, आणि भाजी म्हणून कोबीचे चार तंतू. शिजवलेल्या भाताच्या एका वाटीत साधारण २०० कॅलरी आणि ४० ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात, आणि हॉटेलच्या फुल प्लेटमध्ये अशा तीन वाट्या सहज बसतात. तेलाच्या प्रत्येक मोठ्या चमच्यामागे सुमारे १२० कॅलरी वेगळ्या. म्हणून भात किंवा नूडल्स यांपैकी एकच काहीतरी मागवावे, तेही पाच जणांत वाटून, आणि आपल्या यजमानांनी एका वाटीवर थांबावे. आधी सूप, मग भाज्या आणि चिकन किंवा टोफू, आणि सर्वांत शेवटी भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर तुलनेने कमी चढते, असे छोट्या अभ्यासांत दिसून आले आहे. या सल्ल्याला पैसे पडत नाहीत, म्हणून मी तो सर्वांना देते. साखरेसाठी इन्शुलिन किंवा गोळी चालू असलेल्या कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी भात एकदम कमी करू नये. आधी औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावे, अन्यथा साखर घसरू शकते.

सूपबद्दल थोडे वेगळे मत मांडते. क्लिअर सूप तेलाच्या आणि स्टार्चच्या दृष्टीने उत्तम, पण मिठाच्या दृष्टीने ते निर्दोष नसते, कारण मीठ पाण्यात विरघळलेले असल्याने सगळेच्या सगळे पोटात जाते. आपल्याकडची वन बाय टूची प्रथा इथे आपोआप औषधासारखी कामी येते. ती मोडू नका, आणि जमल्यास वाडग्याच्या तळाशी राहणारे शेवटचे चार घोट तसेच सोडा.

दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना मेन्यूकार्डावर पदार्थापुढे कॅलरी छापण्याचे बंधन आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलाला ते नाही. कधी अशा मोठ्या ठिकाणी गेलात, तर तो बारीक अक्षरांतला आकडा वाचून पाहा. मात्र तो वाचून मुलांना व्याख्यान देऊ नका. माझ्या घरी तो प्रयोग सपशेल फसला आहे.


उत्तर: पार्लेकर

सविस्तर खुलाशाबद्दल आभारी आहे. पत्नीला दोन्ही वेळा त्रास झाला तेव्हा तिने हॉट अँड सॉर सूपचा पूर्ण वाडगा एकटीने संपवला होता, हे आता आठवते. तरीही आम्ही अजिनोमोटो टाळणारच आहोत, पण यापुढे त्याच दमात "मीठ वाढवू नका" असेही सांगू.


उत्तर: म्हापसेकर

गोव्यातून एक पुरवणी जोडतो, कारण रंगाचा विषय अजून कोणी काढला नाही. आमच्याकडे जत्रेत खाजे आणि भज्यांच्या जोडीने गोबी मंचुरियनचे गाडे लागतात, आणि त्यांचा लालभडक रंग लांबूनच डोळ्यांत भरतो. २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहात आणि २०२४ मध्ये म्हापशात या गाड्यांवर निर्बंध आले, त्याचे एक कारण हे कृत्रिम रंग होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारनेही गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. तिथल्या नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. काश्मिरी मिरचीने पदार्थाला येणारा रंग तांबूस आणि थोडा मळकट असतो. बोटांवर आणि कागदी डिशवर गुलाबी डाग उठवणारा रंग मिरचीचा नसतो. हॉटेल असो वा गाडी, एवढे पाहायला चष्मा पुरतो.


उत्तर: सिंगापूरवासी

मी मूळचा साताऱ्याचा आणि गेली सतरा वर्षे सिंगापुरात आहे. इथे आल्यावर पहिले काही महिने मी "चायनीज" शोधत होतो आणि मला ते सापडत नव्हते, हे आज सांगताना हसू येते. मंचुरियन नाही, शेजवान राइस नाही, आणि शेजारच्या चिनी कुटुंबाने जेवायला बोलावले तेव्हा टेबलावर जे आले त्याला मी आजारी माणसाचे जेवण समजलो. प्रत्येकापुढे पांढऱ्या भाताचा एक छोटा वाडगा होता. मध्यभागी आले आणि कांद्याची पात घालून वाफवलेला अख्खा मासा, लसणावर परतलेली हिरवी पालेभाजी, टोफूचा एक पदार्थ आणि मोठ्या भांड्यात पातळ सूप. तळलेला पदार्थ एकच होता आणि तो सगळ्यांत मिळून एका बशीत. सोबत बिनसाखरेचा चहा. भात मिळमिळीत होता म्हणून चव मधल्या पदार्थांची लागत होती. आपल्याकडे भातच खारट आणि तेलकट, त्यावर ग्रेव्हीही खारट, आणि मग घसा कोरडा पडला म्हणून शीतपेय, ज्याच्या ३०० मिलीच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते.

म्हणून ठाणेकरीण ताईंना माझे सांगणे असे आहे की पदार्थ निवडण्याआधी टेबल मांडण्याची पद्धत बदलून पाहावी. पाच माणसांसाठी पाच मुख्य पदार्थ न मागवता भाज्यांचे दोन, चिकनचा किंवा टोफूचा एक आणि मुलांच्या आवडीचा तळलेला एक, असे चार पदार्थ मध्ये ठेवावेत आणि स्टीम राइस वाटून घ्यावा. चायनीज सोडल्याची भावना येणार नाही, उलट ते पहिल्यांदाच चिनी माणसासारखे खाल्ले जाईल.

इथल्या जेवणात सगळेच सात्त्विक आहे असा समज मात्र करून घेऊ नये. हायनानी चिकन राइसमधले चिकन उकडलेले असते, पण भात कोंबडीच्या चरबीत परतून शिजवलेला असतो, म्हणून मी तिथे साधा भात मागतो. माशाच्या काही सुपांत डब्यातले आटवलेले दूध घालतात, ते नको म्हणून सांगावे लागते. भात आणि तीन भाज्या निवडून घ्यायच्या गाड्यांवर, तुम्ही काही बोलायच्या आत दुकानदार करीचा एक डाव भातावर ओततो. त्याला वेळेत थांबवणे ही सतरा वर्षांत मी शिकलेली सर्वांत उपयोगी चिनी भाषा आहे. ऑयस्टर सॉस पालेभाजीवर छान दिसतो, पण मिठाच्या बाबतीत तो सोया सॉसच्याच पंगतीतला आहे. आमच्या मंडळातल्या एका मुलीला गव्हाचे वावडे आहे, आणि नेहमीचा सोया सॉस गहू घालूनच आंबवलेला असतो हे तिच्या आईला इथे आल्यावर कळले. कोणाच्या घरी तसा त्रास असेल तर त्यांनी हे लक्षात ठेवावे.


प्रतिसाद: ठाणेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, आणि आम्ही पावणेआठला हॉटेलात पोहोचलो, त्यामुळे घडले ते क्रमाने सांगते.

वेटरने सवयीने "नेहमीचेच ना?" असे विचारले. मी कढईमागचा यांची वाक्ये कागदावर उतरवून नेली होती, ती वाचून दाखवली. तो आधी गोंधळला, मग आत गेला, आणि कुक स्वतः बाहेर येऊन म्हणाला की सोया निम्मा चालेल, चिकनही न तळता करतो, पण लसणातल्या भाज्यांना थोडा तरी कॉर्नफ्लोअर लागेल, नाहीतर पाणी सुटेल. ते मी मान्य केले. लेमन कोरिएंडर सूप वन बाय टू, परतलेल्या भाज्या, ढोबळी मिरची आणि चिकन, आणि दोन स्टीम राइस असे मागवले. मुलांसाठी लॉलीपॉपची एकच प्लेट ठेवली, त्यावर धाकट्याने दहा मिनिटे असहकार पुकारला. यजमानांचे मत असे पडले की भाज्या चांगल्या होत्या, पण पांढरा भात पाहून घरीच बसल्यासारखे वाटले. त्यांनी व्हिनेगरमधल्या मिरच्यांची अख्खी वाटी संपवली. सासऱ्यांनी मात्र सूप पिऊन विचारले की आज मीठ विसरले का, आणि मी हो म्हटल्यावर काही न बोलता उरलेले संपवले. बिल नेहमीपेक्षा २८० रुपयांनी कमी आले, हे मी कोणालाच सांगितलेले नाही.

एक गोष्ट राहून गेली. दोन प्लेटांपैकी बराच भात उरला आणि सवयीप्रमाणे आम्ही तो पार्सल करून आणला. येताना नातेवाइकांकडे थांबलो, त्यामुळे तो साडेअकरापर्यंत गाडीतच होता. आता सकाळी त्याचा फोडणीचा भात करावा की नाही? चांगला गरम केला तर चालेल ना?


उत्तर: आहारशास्त्र_नाशिक

करू नका, टाकून द्या. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात, कारण ते शिजवण्याच्या उष्णतेने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यामुळे होणाऱ्या उलट्यांना इंग्रजीत फ्राइड राइसवरूनच नाव पडलेले आहे. ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही, म्हणून "चांगला उकळून घेतला" हा उपाय इथे लागू पडत नाही. आपला भात हॉटेलात कधी शिजला होता हे कढईमागचा यांनी लिहिलेलेच आहे, आणि त्यात गाडीतले तास मिळवा. घरात ७८ वर्षांचे सासरे असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही.

पुढच्या वेळी उरलेला भात दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात एका तासाच्या आत, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा.


उत्तर: कढईमागचा

आणि पाच जणांना दोन स्टीम राइस लागत नाहीत, ताई. एकच मागवा. कमी पडला तर दुसरा चार मिनिटांत येतो.